राहत्या भाडेकरूसह

९ फेब्रुवारी १९७६

मनिऑर्डर परत आली. 'घेण्यास नकार' — पोस्टमनच्या अक्षरात. भाडं मी पोस्टात भरायचं, ते राजारामपुरीभर फिरून माझ्याच डोक्यावरच्या मजल्यावर जायचं, तिथं गणपतराव नको म्हणायचे, आणि ते परत खाली माझ्या दारात. भाडं घेतलंच नाही म्हणजे थकलं, थकलं म्हणजे मला काढता येईल — हे घरमालकांचं गणित. वकील म्हणतात, पाठवत राहा.

नळ बंदच आहे. वरून चावी फिरवतात. शेजारून दोन कळश्या आणल्या, ड्युटीवर उशीर झाला.

"एकट्या बाईला दोन खोल्या कशाला?" — सगळ्या गल्लीला सांगून झालंय. माझा दस्तगीर असता तर विचारायची छाती झाली नसती. तो टेलिफोनच्या खांबावरून पडून गेला. टेलिफोन खात्यानं त्याच्या जागी मला ट्रंक बोर्डावर बसवलं. खात्यानं जागा दिली, ह्यांना दोन खोल्या बघवत नाहीत.

११ फेब्रुवारी

बँकेचा शिपाई आला होता. वरची कडी वाजवून दमला. गणपतरावांच्या बायको, झुंबरबाई, आतच होत्या — त्यांच्या बांगड्या मला खाली ऐकू येत होत्या — पण दार उघडलं नाही. शेवटी माझ्याकडे आला. "गणपतराव हितंच ऱ्हात्यात न्हवं? घरावरच्या कर्जाचं हप्तं थकल्यात. नोटीस हाय." मी म्हणाले, मी भाडेकरू. "मग तुमी सांगा की त्यास्नी." मी सांगू! आमचं बोलणं दस्तगीर गेल्यापासून बंद.

घर गहाण आहे. ज्या घरातून मला काढायला हा माणूस धडपडतोय, ते त्याचं तरी कुठं उरलंय?

आज जेवण गोड लागलं. लिहायला लाज वाटते, पण लागलं.

१५ फेब्रुवारी

आक्कांना सांगितलं. त्या बोर्डावर माझ्या शेजारी बसतात, त्यांचे मालक कोर्टात कारकून, म्हणून त्यांना सगळं ठाऊक. गणपतरावांनी कळंब्याच्या रस्त्याला बर्फाचा कारखाना काढला होता, त्यासाठी घर बँकेला लिहून दिलं. मग वीजकपात आली. वीज नाही तर बर्फ कसला? हप्ते पहिल्या वर्षीच थांबले म्हणे.

मी म्हणाले, मग आता महिन्याभरात काढतील त्यांना बाहेर.

आक्का हसल्या. "घर म्हंजे काय हातगाडी हाय व्हय, उचलून न्यायला? आधी नोटिसा. मग दावा. दाव्याला तारखा. मग हुकूम. हुकमावर मुदत. मग जप्ती, मग लिलाव. लिलावाला गिऱ्हाईक आलं तर बरं, न्हाईतर परत लिलाव. त्यातनं विकलं गेलं तरी कायम करायला वरचा साहेब लागतोय. आणि मग ताबा. तुझं केस पांढरं हुतील बाई."

३ सप्टेंबर

काहीही झालं नाही. गणपतराव रोज इस्त्रीचं धोतर नेसून बाहेर जातात. मला बघून थुंकतात. नळ बंद.

२० जानेवारी १९७७

बँकेनं दावा लावला. आक्कांच्या मालकांकडून कळलं.

६ डिसेंबर

हुकूम झाला. वर्ष गेलं ह्यात. दर तारखेला गणपतरावांच्या वकिलाचं पोट तरी दुखायचं, नाहीतर कागद तरी यायचा बाकी असायचा. गरिबाच्या दारात मात्र मनिऑर्डर वेळेवर परत येते.

झुंबरबाई जिन्यात दिसल्या. वाळल्यात. गळ्यात काळ्या मण्यांशिवाय काही नव्हतं. मी बाजू दिली नाही. त्याच भिंतीला चिकटून गेल्या.

१८ एप्रिल १९७८

आज जप्ती. बँकेचे वसुली साहेब, दोन शिपाई आणि एक हलगीवाला. खरंच हलगी वाजवली — गल्लीत पोरं गोळा झाली, बाया दारात आल्या. साहेबांनी नोटीस चिकटवली ती माझ्या दाराशेजारी. पुढची बाजू माझी ना! येणारा-जाणारा वाचतो आणि माझ्याकडे बघतो. भाजीवाल्या तानाबाईंनी सरळच विचारलं, "तुमचं घर गेलं व्हय वो?" मी म्हणाले, माझं नाही, वरच्यांचं. "मग तुमच्या दाराला का?"

काय सांगणार.

नोटिशीत शेवटी एक ओळ आहे: 'तळमजल्यावरील दोन खोल्यांत भाडेकरू असून मिळकत राहत्या भाडेकरूसह विकली जाईल.' राहता भाडेकरू म्हणजे मी. घराच्या भिंती, दारं, खिडक्या, मोरी, आणि नजीरा दस्तगीर मुल्ला.

१९ एप्रिल

गणपतराव खाली आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा उंबरा ओलांडला. मागे झुंबरबाई, हातात चहाची किटली.

"वैनी," म्हणाले. वैनी! परवापर्यंत मी 'खालची' होते.

आधी हवापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "तुमी जागा सोडू नगा."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग त्यांनीच उलगडून सांगितलं. भाडेकरू आत असलेलं घर कोण घेणार? घेणाऱ्याला राहायला मिळत नाही, भाडेकरूला काढता येत नाही. कायदा तुमच्या बाजूला हाय, म्हणाले. (हा कायदा ह्यांना एवढे दिवस ठाऊक नव्हता.) मी ठाम आहे हे कळलं की गिऱ्हाईक फिरकणार नाही, लिलाव पडेल, बँक दमेल, तेवढ्यात ते पैसे उभे करतील.

"म्हणजे मी राहिले तर तुमचं घर राहतं," मी म्हणाले.

त्यांनी खाली बघितलं. झुंबरबाईंनी चहा ओतला. मी घेतला नाही. तसाच साय धरून गेला.

ते वर गेल्यावर नळाला पाणी आलं.

१० मे

घर बघायला माणसं येतात. वसुली साहेब मला विचारतात, "बाई, तुम्ही जागा सोडायला तयार आहात का?" मी म्हणते, नाही. पावणं एकमेकांकडे बघतात, छताकडे बघतात, निघून जातात. जिन्यात गणपतराव श्वास रोखून उभे असतात.

मी त्यांच्यासाठी नाही म्हणत नाही. जायला दुसरी जागा नाही म्हणून म्हणते. भिंतीतल्या तारा दस्तगीरनं स्वतः ओढल्यात म्हणून म्हणते. पण फायदा होतो तो त्यांचा. ज्यांनी मला पाण्याला महाग केलं, त्यांच्या डोक्यावरचं छप्पर मी धरून उभी आहे.

२७ जून

पहिला लिलाव. कुणी बोललंच नाही. बँकेचा माणूस किंमत पुकारून पुकारून घसा बसवून गेला.

संध्याकाळी वरून आंबोळ्या आल्या, खोबऱ्याच्या चटणीबरोबर. कुत्र्याला घालाव्यात असं मनात आलं. खाल्ल्या. चांगल्या होत्या, त्याचा जास्त राग आला.

४ सप्टेंबर

आज ईद. झुंबरबाई खाली शिरखुर्मा खायला आल्या. एकट्याच. वाटी रिकामी केली. मग म्हणाल्या, "वर कोण बोलतच न्हाई. ते बी न्हाई, भिंती बी न्हाई." त्यांचा मुलगा पुण्याला असतो. कर्जाच्या कागदावर त्याची सही नाही, म्हणून तो येत नाही.

"मला इचारलं बी न्हवतं," म्हणाल्या. "घर माज्या सासऱ्याचं. ल्याकानं गहाण टाकलं. मला हलगी वाजली तवा कळलं."

हे खोटं आहे. शिपाई आला त्या दिवशी दारामागे कोण होतं? पण मी बोलले नाही. दाराआड उभं राहून ऐकलेलं आणि कुणी समोर बसून सांगितलेलं — ह्यात फरक असतोच की.

१२ फेब्रुवारी १९७९

झुंबरबाई आता रोज येतात. मी ड्युटीवरून आले की पायरीवर बसलेल्या असतात. शेंगा सोलतो, तांदूळ निवडतो. त्यांना बोलायला लागतं, मला गप्प बसायला. जमतं.

दुसरा लिलावही पडला. बँकेनं किंमत उतरवली.

मी विसरत नाही हे मला रोज स्वतःला सांगावं लागतं. ह्या बाईनंच वरून नळाची चावी फिरवली होती. नवऱ्यानं सांगितलं म्हणून — पण हात तिचा होता.

८ जुलै

हुपरीहून इकबाल आला. माझा धाकटा भाऊ, पैंजणांची कामं करतो. त्याच्या ओळखीचा एक चांदीवाला ह्या घरावर डोळा ठेवून आहे. मी जागा सोडली तर मला पागडी देईल, वर हुपरीत एक खोली.

"आपा, घे आणि सूट. ज्यांनी तुला छळलं त्यांच्यासाठी कशाला अडून बसलीस?"

"त्यांच्यासाठी नाही."

"मग कुणासाठी?"

आत तांदूळ निवडत झुंबरबाई बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. तांदळातून हात काढला नाही, पण निवडणं थांबलं होतं.

इकबालला नाही म्हणून सांगितलं. तो न जेवता गेला.

२५ ऑक्टोबर

घर गेलं.

तिसरा लिलाव. बाळासो म्हणून लाकडाच्या वखारीचे मालक आहेत, ते आले. वसुली साहेबांनी नेहमीचं विचारलं, मी नेहमीचं सांगितलं. बाळासो माझ्याकडे बघून हसले. "ऱ्हाऊ द्या की बाईस्नी. आमाला घाई न्हाई." आणि बोली लावली. दुसरं कोणीच नव्हतं. स्वस्तात गेलं — इतक्या स्वस्तात की कर्जही पुरतं फिटलं नाही, म्हणतात.

मी होते म्हणून स्वस्तात गेलं. हेही माझ्याच खात्यावर.

२८ ऑक्टोबर

महिन्याच्या आत सगळी रक्कम भरली तर लिलाव रद्द होतो, असा नियम. गणपतराव वणवण फिरतायत. काल पुण्याला जाऊन आले. मुलानं चहा दिला, एवढंच.

१४ फेब्रुवारी १९८०

वरच्या साहेबांनी लिलाव कायम केला. आक्का म्हणाल्या, बघ, सांगितलं होतं ना. माझे केस खरंच पांढरे झालेत. पहिला हप्ता चुकल्यापासून किती वर्षं झाली ते मोजावंसं वाटत नाही. एवढ्या वेळात माणूस सावरू शकतो. नाहीतर कुजू शकतो. आम्ही दुसरं केलं.

९ एप्रिल

टेम्पो आला. पलंग, डबे, देव, एक शिलाई मशीन. कळंब्याला एका खोलीत जातायत. झुंबरबाईंचा निरोप घ्यायला मी दारात उभी राहिले. ड्युटी बदलून घेतली होती. त्या जिन्यावरून आल्या, माझ्या समोरून गेल्या, टेम्पोत बसल्या. मान वर केली नाही. मला वाटलं रडू आवरत असतील.

१७ एप्रिल

रडू नव्हतं ते. लाज होती.

बाळासोंच्या वकिलाची नोटीस आली. माझ्यावर दावा लावणार. भाडेकरू होता दस्तगीर. तो मेला तेव्हा मी त्याच्याबरोबर राहणारी घरातली व्यक्ती नव्हते, माहेरी हुपरीला होते, नंतर येऊन जागा बळकावली. नवऱ्याबरोबर राहत नसलेल्या बायकोला त्याची भाड्याची जागा मिळत नाही, असा कायदा. आणि साक्षीला कोण? गणपतराव. कळंब्याची ती खोली बाळासोंचीच आहे. भाड्याशिवाय दिलीय.

म्हणून त्या दिवशी "आमाला घाई न्हाई" म्हणाले होते!

दोन वर्षं मी गणपतरावांचं घर धरून ठेवलं. आणि ती बाई माझ्या पायरीवर बसून माझे तांदूळ निवडत होती.

१८ एप्रिल

काही लिहायचं नाही.

२३ नोव्हेंबर

वकील म्हणतात, साक्षीदार पाहिजे. दस्तगीर गेला त्या दिवशी मी ह्या घरात होते हे सांगणारा कुणीतरी. गल्लीतले त्या वेळचे लोक गेले, काही वारले. जे आहेत ते म्हणतात, होता की तुमी, पर कोरटात नगं. बाळासोंच्या वखारीतून सगळ्यांना लाकूड लागतं.

"त्या घरातलं कुणी?" वकिलांनी विचारलं.

३० नोव्हेंबर

कळंब्याला जाऊन आले. जाणार नव्हते. गेले.

एकच खोली, खिडकी नाही. गणपतराव खाटेवर होते, भिंतीकडे तोंड करून. झुंबरबाईंनी पाणी दिलं. मी त्यांच्याकडेच बघून विचारलं, गणपतरावांना ऐकू जाईल असं: "दस्तगीरला आणलं त्या दिवशी मी कुठं होते?"

झुंबरबाईंनी पेला परत नेला.

"मी तुमच्याकडे काही मागत नाही. फक्त जे झालं ते सांगा."

गणपतराव भिंतीकडे बघतच म्हणाले, "ह्या वयात आमी रस्त्यावर जाऊ व्हय?"

मी उठले. झुंबरबाई दारापर्यंत आल्या नाहीत. बस पकडली. एक तोंडात वाजवायला हवी होती असं वाटत राहिलं. कुणाच्या, ते ठरेना.

११ फेब्रुवारी १९८१

आज गणपतरावांची साक्ष. स्वच्छ आवाजात खोटं बोलले. "बाई माहेरला हुती. दाल्ला मेल्यावर महिन्यानं आली. माणुसकी म्हणून मी ऱ्हाऊ दिलं." कोर्टानं लिहून घेतलं. गणपतरावांनी माझ्याकडे बघितलं नाही. इस्त्रीचं धोतर मात्र तसंच.

माणुसकी म्हणून!

४ मार्च

आज माझी बाजू. मी झालं तसं सांगितलं. बाळासोंच्या वकिलानं विचारलं, पुरावा काय? मी म्हणाले, मी माझ्या घरात होते, त्याला पुरावा कसला ठेवतात?

मग दारात गडबड झाली. झुंबरबाई. सिटी बसनं एकट्या आल्या होत्या, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला. शिपायाला म्हणत होत्या, "मला आत सोडा. मला सांगायचं हाय." आमच्या वकिलांनी अर्ज दिला, समोरच्यांनी हरकत घेतली, जज्जसाहेबांनी परवानगी दिली.

जसं बोलल्या तसं उतरवून ठेवते.

"दस्तगीरभाऊला जीपमधनं आणलं. ही दारात बसली, हलंचना. स्टोव्हवर हिचा भात हुता. करपल्याचा वास वर आला. मी खाली गेलो, स्टोव्ह बंद केला, भात उतरवला. मग हिला धरून बसलो, सांजपतोर. ही हुपरीला हुती तर भात कुणी टाकलाता?"

बाळासोंच्या वकिलानं विचारलं, तुमचे मालक तर वेगळं सांगतात. नवरा खोटं बोलतो असं तुमचं म्हणणं आहे का?

त्यांनी मागे वळून बघितलं. गणपतराव मागच्या बाकावर होते.

"व्हय," म्हणाल्या.

मला त्या दिवसाचा भात आठवत नाही. कुणी धरून बसलं होतं तेही आठवत नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी एकटीच होते.

साक्ष संपली. मी बाहेर येईपर्यंत त्या गेल्या होत्या.

२८ एप्रिल

दावा फेटाळला. जागा माझी — म्हणजे भाड्यानं. आक्कांनी बोर्डावरच्या सगळ्यांना पेढे दिले. मला एकही गिळवला नाही.

२ जून

दुपारी झुंबरबाई आल्या. हातात एक पिशवी. बाळासोंनी कळंब्याची खोली काढून घेतली. गणपतराव पुण्याला मुलाकडे गेले. "तुला न्हेत न्हाई म्हणालं."

जिन्यात बाळासोंचे दिवाणजी उभे होते. वही काखेत. "ह्या कोण? पोटभाडेकरू ठेवता येत न्हाई बाई."

पिशवी मी घेतली.

"घरातल्या हायत," मी म्हणाले.